कॅमेरा राहू द्या, आधी कार्डाचं बोला

प्रश्न: वय ३६, राहणार नागपूर, पगार ६५ हजार. अडीच लाखांची एफडी मोडून मामिया आरबी ६७ हा जुना फिल्म कॅमेरा घ्यावा का? दोन लेन्ससह सव्वा लाखाला मिळतोय. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचे भाव वाढताहेत, म्हणजे गुंतवणूकच. रोल, डेव्हलपिंग, स्कॅन आणि मुंबईचं कुरिअर धरून रोलमागे दीड हजार जातील. आठवड्याला दोन रोल पुरेत. ताडोब्यालाही नेईन. क्रेडिट कार्डावर आधीच्या लेन्सांचे १ लाख ८० हजार बाकी आहेत, पण दरमहा ९ हजार नियमित भरतो.

उत्तर: तुमचं सगळ्यात महागडं वाक्य शेवटचं आहे.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा: ६,३००. वर १८ टक्के जीएसटी. ७,४०० गेले. नऊ हजारांतून मुद्दल फिटतं जेमतेम १,६००. याला तुम्ही ‘नियमित’ म्हणता. बँकही म्हणते, अगदी आनंदाने. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे त्या कार्डावर घेतलेला रोल कॅमेऱ्यात चढायच्या आधीच त्याच्यावर व्याज चढू लागतं. लेन्सा ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेतल्या असतील तर जुनी बिलं काढून बघा, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच नावावर दिसेल.

तेव्हा एफडी मोडाच, पण कार्डासाठी. सात टक्के कमवून बेचाळीस टक्के भरण्यात काय हशील? मुदतीआधी मोडल्याने टक्काभर व्याज बुडेल, म्हणजे अडीच हजार. कार्डवाले तेवढे दहा दिवसांत नेतात. उरलेल्या सत्तर हजारांना हात लावू नका.

आता मामिया. त्याची फ्रेम मोठी, ६×७ सेंटीमीटरची, त्यामुळे त्याला लागणाऱ्या १२० नंबरच्या रुंद रोलवर फोटो दहाच, म्हणजे एका क्लिकला दीडशे रुपये. आठवड्याला दोन रोल म्हणजे वर्षाला दीड लाख, कॅमेऱ्याहून जास्त. आणि भाव असतो तो धडधाकट कॅमेऱ्याला. बॅकमधला, म्हणजे मागच्या फिल्मच्या डबीतला, फोम काळा, चिकट होऊन झडला की फिल्मवर प्रकाश गळतो. कूलरच्या खोलीत किंवा पावसाळाभर चामडी पेटीत लेन्स ठेवली की बुरशी धरते; टॉर्च तिरपा मारा, जाळं दिसेल. मग तुमची गुंतवणूक पावणेतीन किलोचा पेपरवेट.

ताडोब्याचं तर सोडाच. कमरेपाशी धरून बघायच्या त्या फाइंडरमध्ये डावं-उजवं उलटं दिसतं. वाघ डावीकडे निघाला की तुम्ही कॅमेरा उजवीकडे फिरवाल.

कार्ड शून्यावर आलं की तेच ९ हजार बाजूला टाका. चौदा महिन्यांत सव्वा लाख होतात. तेव्हा रोखीने घ्या, आणि शटर एक सेकंदावर लावून ते रेंगाळत नाही ना, हे कानाने ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.