व्ह्यू दोन लाख, गिऱ्हाईक एकही नाही

प्रश्न : नौपाड्यात आमचे रफू, फॉल-पिको आणि साडी पॉलिशचे दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेले हे काम आता मी आणि एक जुने कारागीर मिळून पाहतो. दिवाळीच्या आधी माझ्या भाच्याने गाजत असलेल्या एका हिंदी गाण्यावर दुकानाचे रील केले. त्याला दोन लाखांहून अधिक व्ह्यू मिळाले, पण ते पाहून एकही नवे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले नाही. प्रतिक्रिया आल्या त्या इंदूर आणि लखनौहून. आता एक एजन्सी महिन्याला बारा रील करून देण्याचे अठरा हजार रुपये मागत आहे. हा खर्च करावा का? – एक भगिनी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : ताई, अठरा हजार रुपये तूर्त गल्ल्यातच राहू द्या. आपल्या दुकानाची अडचण रील कमी असण्याची नाही. झालेले रील तुमच्या गिऱ्हाइकासाठी केलेले नव्हते, ही खरी अडचण आहे.

प्रथम त्या दोन लाखांचा हिशेब पाहू. इन्स्टाग्रामवर रील पडद्यावर सुरू झाले की व्ह्यू धरला जातो, आणि एकाच माणसाच्या फोनवर ते पुन्हा फिरले की आणखी एक धरला जातो. यूट्यूब शॉर्ट्सनेही ३१ मार्च २०२५ पासून हीच पद्धत स्वीकारली असून किमान इतके सेकंद पाहिलेच पाहिजे अशी अट तेथे उरलेली नाही. म्हणजे अंगठ्याने वर सरकवताना क्षणभर डोळ्यांपुढून गेलेले रीलही या आकड्यात जमा होते. शिवाय रील ओळखीच्यांपेक्षा अनोळखी लोकांपुढे अधिक जाते, आणि तुमचे रील गेले ते त्या गाण्याच्या चाहत्यांपुढे. लखनौच्या माणसाला गाणे आवडले, त्याने हृदयाचे चिन्ह दाबले आणि तो पुढे गेला. त्याची पैठणी काही तुमच्याकडे रफूला येणार नव्हती.

गाण्याविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुकानाचे खाते ‘बिझनेस’ प्रकारात नेले की चित्रपटातील बहुतेक गाणी तेथे वापरता येत नाहीत, आणि अशा गाण्याचे रील पैसे देऊन जाहिरात म्हणून पुढेही ढकलता येत नाही. त्यासाठी इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिचा विनाशुल्क संगीतसंग्रह उपलब्ध आहे, पण तुमच्या बाबतीत मी त्याचाही आग्रह धरणार नाही. दुकानातले आवाजच पुरेसे आहेत.

आता चित्रीकरण कशाचे करावे? दुकानाच्या पाटीचे, रचलेल्या दोऱ्याच्या रिळांचे किंवा हसऱ्या कर्मचाऱ्यांचे नको. तुमच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी शेजारच्या दहा दुकानांकडे नाही, आणि ती म्हणजे नाहीसे होणारे भोक. अगरबत्तीची ठिणगी पडून जळालेला एखादा पदर घ्या. त्या भोकातून कारागिराचे बोट आरपार निघालेले पहिल्याच दोन सेकंदांत दिसू द्या, कारण ज्या बाईच्या कपाटात अशी साडी घडी घालून पडलेली आहे तिचा अंगठा तिथेच थांबेल. मग साडीच्या आतल्या काठातून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, कारागीर त्याच रंगाचा धागा ओढून काढतात तो क्षण दाखवा. रफूला धागा साडीचाच लागतो, हे अनेकांना ठाऊकच नसते. सुई एका धाग्याखालून आणि दुसऱ्यावरून कशी जाते याचे चार-पाच टाके जवळून घ्या. शेवटी तोच पदर खिडकीपाशी उजेडावर धरा आणि पाहणाऱ्याला जागा शोधू द्या. कारागिरांचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, हात दिसले पाहिजेत. एवढ्याला पस्तीस-चाळीस सेकंद पुरतात. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब दोघेही आता तीन मिनिटांपर्यंतची चित्रफीत घेतात, म्हणून तेवढी लांबवलीच पाहिजे असे नाही.

फोन उभा धरावा. लोकलमध्ये किंवा घरी मूल झोपलेले असताना लोक आवाज बंद ठेवूनच पाहतात, त्यामुळे बोललेले शब्द मराठीत पडद्यावर उमटले पाहिजेत, आणि तेही मध्यभागी, कारण खालचा भाग मजकुराने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते. तीन गोष्टी प्रत्येक रीलमध्ये अक्षरांत लिहा : या कामाचे किती रुपये झाले, किती दिवस लागले, आणि दुकानात यायचे कसे. रफूचा भाव भोक पाहूनच ठरतो हे मान्य. म्हणून दरपत्रक न देता ‘या पदराचे साडेचारशे झाले’ असे त्या एका कामापुरते सांगावे. पत्ताही ‘नौपाडा, ठाणे’ एवढ्यावर सोडू नका. ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली किंवा घणसोलीहून येणाऱ्या बाईला ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उतरल्यावर कोणत्या बाजूने चालायचे आणि कोणत्या खुणेपाशी वळायचे हे समजले पाहिजे. स्थानकापासून दुकानापर्यंतची वाट वेगाने पळवत दाखवणारे एक वेगळे रील करून ते खात्यावर सर्वांत वर टाचून ठेवता येईल. तशी तीन जागांची सोय इन्स्टाग्रामवर आहे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद असेल तर तीस सेकंदांपर्यंतची चित्रफीत तिथेही चढवता येते, आणि ‘रफू’ असे शोधणारा माणूस मुळात गरज घेऊनच आलेला असतो. साडी गिऱ्हाइकाची असल्याने चित्रीकरणापूर्वी परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

अशी तीन-चार रील झाली, आणि त्यातले एक पाहून ओळखीच्या बायकांनी आपणहून विचारणा केली, की मगच पैसे लावा, तेही त्याच एका रीलवर. जाहिरात कोणाला दाखवायची हे ठरवताना नकाशावर दुकानापाशी खूण ठेवून पाच-सहा किलोमीटरचे वर्तुळ आखता येते. त्यात मुलुंड येईल, कळवा येईल. काही भाग येऊरच्या डोंगरावर आणि खाडीवर जाईल, पण बिबट्यांना आणि रोहित पक्ष्यांना दाखवल्याचे पैसे कोणी घेत नाही. बटण व्हॉट्सॲपचे ठेवा, म्हणजे भोकाचा फोटो थेट तुमच्याकडे येईल. दिवसाला दोन-तीनशे रुपये, आठ दिवस, एवढ्यापासून सुरुवात करावी. वर १८ टक्के जीएसटी लागतो हे हिशेबात धरावे. काउंटरवर एक वही ठेवून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘दुकान कुठून कळले?’ एवढे विचारावे. त्या वहीतला आकडा हाच तुमचा व्ह्यू.

त्याच वहीत, विचारून, फोन नंबरही घ्या. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि ज्या छोट्या दुकानदारांचे सारे चाहते तिथेच होते त्यांच्या हाती काहीच उरले नाही. जुलैत इन्स्टाग्रामचे रील आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले, पण चाहते पहिल्यापासून जमवावे लागले. ज्यांच्याकडे वही होती त्यांचे फारसे बिघडले नाही.

पुढे काम वाढले आणि एजन्सी नेमावीशी वाटली तर हरकत नाही. मात्र खाते तुमच्या मोबाइल क्रमांकावर, जाहिरातीचे पैसे तुमच्या कार्डावरून आणि चित्रीकरणाची मूळ प्रत तुमच्या हाती, हे आधी लिहून घ्यावे. एका परिचित दुकानदाराने हे केले नाही, आणि करार संपल्यावर स्वतःच्याच दुकानाच्या खात्यात शिरण्यासाठी त्याला दोन महिने विनवण्या कराव्या लागल्या. भाच्याला मात्र दूर करू नका. गाणे निवडताना तो चुकला, पण फोन त्याच्याच हातात स्थिर राहतो.

प्रश्न : मी नेरुळला घरी डिंकाचे, मेथीचे आणि नाचणीचे लाडू करून विकते. खाद्यपदार्थांची रील करणारी एक मुलगी आठ हजार रुपये आणि लाडूंचे दोन डबे घेऊन रील करायला तयार आहे. ‘शुगर कमी करणारे लाडू’ असे म्हटले की चालते, असे ती सांगते. पैसे घेतल्याचा उल्लेख केला तर परिणाम कमी होतो, असेही तिचे म्हणणे आहे. माझी जाऊ म्हणते, किंमत टाकू नये, ‘डीएम करा’, म्हणजे खासगी संदेश पाठवा, असे लिहावे. – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : तिन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. पहिला तर धोक्याचाच आहे. एखादा खाद्यपदार्थ रोग बरा करतो, टाळतो किंवा त्यावर उपचार करतो असा दावा जाहिरातीत करण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनी मनाई केली आहे, आणि अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, तुमच्या लाडवात गूळ आहे. कोणा आजोबांनी ते रील पाहून गोळी बंद केली तर काय, याचा विचार त्या मुलीने केलेला नाही, तुम्ही करावा. ‘नाचणी, साजूक तूप, गूळ, एका लाडवाचे वजन अमुक ग्रॅम’ हे खरे आहे आणि सांगण्याजोगेही आहे. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक डब्यावर असतोच, तो चित्रफितीत वाचता येईल असा धरावा. नोंदणी अजून केली नसेल तर रील थांबवून ती आधी करावी.

दुसरे, पैसे किंवा फुकट डबे घेऊन केलेली शिफारस ही जाहिरातच असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ मध्ये आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका काढली. तिच्यानुसार हा उल्लेख खालच्या मजकुरात पुरून न ठेवता चित्रफितीतच, दिसेल आणि ऐकूही येईल असा, आणि शिफारशीच्याच भाषेत करावयाचा आहे. मराठीत लाडवांचे कौतुक करायचे आणि कोपऱ्यात इंग्रजी आद्याक्षरे चिकटवायची, हे त्यात बसत नाही. ‘ही जाहिरात आहे’ असे तिने सुरुवातीलाच म्हणावे. त्याने लाडू कडू होत नाहीत.

जाऊबाईंचा मुद्दा सवयीचा आहे, पण किंमत लपवली की दहातले आठ जण विचारण्याचे कष्ट घेत नाहीत आणि उरलेले दोघे उत्तर येईपर्यंत दुसरीकडून घेतात. अर्ध्या किलोचा भाव स्पष्ट लिहा, घरपोच देणे नेरुळ, सीवूड्स आणि बेलापूरपुरते असेल तर तेही लिहा. त्या मुलीचे प्रेक्षक नवी मुंबईत किती आहेत, याचा तपशील तिच्या खात्यात शहरवार दिसतो. पैसे देण्यापूर्वी तो पडदा तिला समोर उघडायला सांगावे. टाळाटाळ झाली तर आठ हजारांचे तूप आणावे.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील एका बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या नमुना सदनिकेचे रील मी सदनिका विक्रीचा एजंट म्हणून करणार आहे. वर्तमानपत्रात जाहिरात नसल्याने महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, क्रमांक आवश्यक आहे का? – एक वाचक, कासारवडवली

उत्तर : आवश्यक आहे. रेरा कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत कोणतेही माध्यम येते, त्यामुळे रीलला सूट नाही. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला हवा आणि एजंट म्हणून तुमची स्वतंत्र नोंदणीही हवी. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे, आणि तो नसल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र ज्या फोनवर रील पाहायचे त्याच फोनच्या कॅमेऱ्याने त्यातला कोड टिपता येत नाही, म्हणून तो शेवटी पाव सेकंद चमकवून मोकळे होऊ नका. कोड सुरुवातीपासून एका कोपऱ्यात राहू द्या आणि नोंदणी क्रमांक खालच्या मजकुरात अक्षरांतही लिहा. आणि ‘ठाणे स्टेशनपासून पंधरा मिनिटे’ हे वाक्य ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी एकदा संध्याकाळी सात वाजता स्टेशनवरून स्वतः गाडी काढून घड्याळ लावून पाहावे.