तुम्हाला तुमच्या घराण्याचा अभिमान वाटतो का? आणि आपले पूर्वज नेमके कोण होते हे शोधायचं कसं?

वाटतो की. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, की घरात सगळे म्हणतात आपण मोठ्या सरदार घराण्यातले पण पुरावा कुणाकडेच नाही, मग अभिमान धरायचा कशाचा, त्यावर आधी बोलतो कारण आमच्याकडे सेम केस होती.

आम्ही वाळवा तालुक्यातले, जिल्हा सांगली. लहानपणापासून चुलत्यांच्या तोंडून ऐकत आलोय की आपण मूळचे राजस्थानातले, तिकडून दक्षिणेत आलो, लढाईत तलवार गाजवली आणि जमीन इनाम मिळाली. कुठली लढाई, कुणी दिलं इनाम, सनद कुठाय, असं विचारलं की "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून विषय बंद. चुलत्यांच्या व्हॉट्सॅप डीपीला अजूनही दोन तलवारी आहेत.

आमच्या भागात हेळवी येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे घराघराच्या वंशावळी सांगणारे लोक, बहुतेक कर्नाटकातून येतात, पूर्वी सजवलेल्या बैलावर बसून यायचे, आमचा हेळवी आता मोटरसायकलवर येतो. काही वर्षांनी एकदा फेरी असते, आल्यावर जुनी नावं म्हणून दाखवायची, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं वहीत चढवायची, आणि जाताना धान्य, कपडा, पैसे जे काय द्याल ते घ्यायचं. तर मागं आला तेव्हा मी मुद्दाम गावी गेलो होतो. सोप्यात बसला, चहा घेतला, फडक्यात बांधलेलं बाड सोडलं, पानं सगळी कन्नडमधे, आणि एका सुरात सुरू झाला. दोघं भाऊ, विजापूरकडचं गाव, मोठा दुष्काळ पडला, एक बैल घेऊन इकडं आले, पाटलाच्या वाड्यावर सालगडी राहिले.

चुलते उखडलेच. "नीट बघ, दुसऱ्या कुणाचं पान असंल." त्यानं शांतपणे पुढची नावं घेतली, एकेक पिढी उतरत आमच्या आजोबांपर्यंत आला आणि त्यांना गावात ज्या टोपणनावानं हाक मारायचे ते पण सांगितलं. त्यावर चुलते म्हणाले बरं, निदान सरदार तरी लिहून घे कुठंतरी. तो म्हणाला, "मालक, बापानं सांगितलं तेवढंच लिवतो."

आता हेळवी म्हणजे काय कोर्टाचा पुरावा नव्हे हे मलाही कळतं. पण डोकं लावून बघा, ज्याला जाताना आपल्याकडून ज्वारी आणि पैसे घ्यायचेत तो खोटं बोलला असता तर गोडच बोलला असता, तोंडावर सालगडी कशाला म्हणेल? दुष्काळाचंही जुळतं. 1876 ते 78 चा दुष्काळ विजापूर, कलादगीच्या भागात फार भयानक होता, गावंच्या गावं उठून गेली.

मग म्हटलं आता कागदच काढू. सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर असतात, म्हणजे जमिनीच्या नावात कधी काय बदल झाला त्याच्या नोंदी, ते एकेक मागं मागं नेत गेलो. आणि तिथं कळलं की आमची जमीन तलवारीनं नाही, कूळकायद्यानं आली, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला, कुळाला, ती विकत घ्यायचा हक्क देणारा कायदा. 1948 चा कायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन, त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक धरलं गेलं, मग त्याच कायद्याच्या कलम 32 ग ची चौकशी, किंमत ठरणार, ती हप्त्यानं भरायची आणि सगळी भरली की कलम 32 म चं, जमीन खरेदी झाल्याचं सर्टिफिकेट. त्या फेरफारात आजोबांचं नाव कूळ म्हणून स्वच्छ लिहिलंय. इनामबिनाम काय नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणे हप्त्याच्या वेळेला घरात लई ओढाताण असायची, दूध सगळं डेअरीला जायचं आणि पोरांना काळा चहा. म्हणजे ज्यांच्या दोन-तीन पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबल्या त्यांनी ते रान कायद्यानं, पैसे भरून स्वतःच्या नावावर केलं. मला खरं सांगू का, त्या राजस्थानच्या गोष्टीनं कधी अंगावर काटा आला नव्हता, तो फेरफार वाचताना आला.

अजून एक कागद बघण्यासारखा असतो, कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंद. आमचा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात, इंग्रजी अमलात, त्यामुळं नोंदी बऱ्यापैकी आहेत. 1918 च्या दिवाळीच्या आसपासची पानं बघितली तर मरणाच्या कारणाच्या रकान्यात नुसतं ताप, ताप, ताप, खालपर्यंत. इन्फ्लुएंझाची साथ. त्यात आमच्या घरातल्या दोन नोंदी, एक पंजोबांचा भाऊ आणि एक लहान मुलगी, तिच्या नावाच्या जागी फक्त मुलगी. हेळव्याच्या वहीत तर ती नाहीच, त्यात बायकामुलींची नावं मुळात कमीच. पुढच्या खेपेला त्याला म्हणणार आहे की माझ्या दोन्ही पोरींची नावं घाल, आणि घालायला लावणारच.

बायकांवरून आठवलं. आमच्याकडं पत्री सरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात चाललेल्या भूमिगत प्रतिसरकारचा विषय निघाला की प्रत्येकाचा आजोबा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या उजव्या हाताला. 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली त्यात आपले आजोबा होते असं जेवढे लोक सांगतात तेवढे खरंच तिथं असते तर गाडी अडवायची गरजच नव्हती, गर्दी बघूनच थांबली असती. आमचे आजोबा नव्हते. पण आजी एवढंच सांगायची की रात्री-अपरात्री कोणतरी परड्यातनं यायचं, भाकरी मागायचं, मी थापून द्यायची, नाव इचारायचं न्हाई असं सासूनं सांगितल्यालं. बास, एवढंच. तिनं याची कधी गोष्ट केली नाही, पेन्शनबिन्शन तर लांबच. मला कुणी विचारलं घराण्यात कोण क्रांतिकारक होतं का, तर मी आजीचं नाव सांगतो, लोक हसतात, हसूदेत.

पण एक बाजू अजून आहे आणि ती पाटीलकी, देशमुखी मिरवणाऱ्यांना आवडत नाही. वतन सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. माझा एक मित्र आहे, त्याच्या घरात महारकीचं वतन होतं, म्हणजे तुटपुंजी जमीन आणि बदल्यात अख्ख्या गावाची आणि सरकारची पडेल ती कामं रात्रंदिवस. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 लाच ते बंद केलं, बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कायदेमंडळात त्यासाठी बिल आणलं, तरी आमच्या बाजूला ते सुटायला 1958 चा कायदा यावा लागला. तो मित्र म्हणतो तुमचे लोक वारसा टिकवल्याचा अभिमान सांगतात, माझ्या पणजोबानं वतनावर लाथ मारून मुंबईची गिरणी गाठली, मला त्याचा आहे. आता यात कुणाचं घराणं मोठं म्हणायचं सांगा.

तर तुम्ही शोधणार असाल तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, पराक्रम विचारू नका, जमीन कुणाकडनं घेतली, पोरी कुठल्या गावात दिल्या, कुलदैवताला कुठल्या वाटेनं जायचो असलं विचारा, त्यातनं मूळ गाव सापडतं. मग सातबारा आणि जुने फेरफार, बऱ्याच जिल्ह्यांचे आता स्कॅन होऊन 'आपले अभिलेख'वर ऑनलाईन मिळतात, बाकी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे अर्ज करून नक्कल घ्यायची. शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वरला घरातलं कोण गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या नामावळीत आडनाव आणि गाव सांगून बघा, कधीकधी पूर्वजाच्या स्वतःच्या हातची नोंद निघते. आणि जुनं बरंचसं मोडी लिपीत असणार. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना भलताच भाव आलाय, त्यामुळं पानाला किती घेणार ते आधीच ठरवून घ्या. आणि चुलत्यांना सोबत नेऊ नका.