न्यूरोच्या पोस्टिंगआधी काय वाचू?

प्रश्न: मॅडम, मी नाशिकमध्ये अ‍ॅनेस्थेशियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात न्यूरोची पोस्टिंग लागतेय. आमच्याकडे येतात त्या बहुतेक हायवेवरच्या हेड इंज्युरी. अ‍ॅन्युरिझम (मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी), अवेक क्रॅनिऑटॉमी (पेशंटला जागं ठेवून मेंदूचं ऑपरेशन) वगैरे क्वचितच. सीनिअर्सनी दिलेल्या पीडीएफ आणि लेक्चर्सनी फोन भरलाय, पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. पुढे न्यूरोत डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करायचंही मनात आहे.
— एक रेसिडेंट, नाशिक

उत्तर: आधी त्या पीडीएफ उडव. जीव होत नसेल तर निदान पोस्टिंग संपेपर्यंत उघडू नकोस. फोनमध्ये साठवलं की वाचून झाल्यासारखं वाटायला लागतं, पंचाईत तिथेच होते.

आणि हेड इंज्युरीला नाक मुरडू नकोस. मुंबई-आग्रा हायवे रात्री-अपरात्री जो पेशंट टेबलावर आणून टाकतो, त्याचा मेंदू सुजलेला, पोट भरलेलं, मान हलवायची चोरी आणि बीपी घसरलेलं. निम्मी न्यूरो फिजिऑलॉजी एकाच माणसात! अवेक क्रॅनिऑटॉमी डीएमला गेल्यावर पोटभर बघशील.

पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी. एक, ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या गाइडलाइन्स, 2016ची चौथी आवृत्ती. नेटवर फुकट आहे. सगळी नको, आयसीपी (कवटीच्या आतला दाब) आणि सीपीपी (मेंदूला रक्त पोचवणारा दाब, म्हणजे मीन बीपी वजा आयसीपी) यांचा भाग वाच: आयसीपी 22च्या वर गेला की उपचार, सीपीपी 60 ते 70. कुठल्या शिफारशीमागे पुरावा किती तोकडा आहे तेही तिथेच कळतं, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. दुसरं, डब्ल्यूएफएसए या भूलतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेचे ‘अ‍ॅनेस्थेशिया ट्युटोरियल ऑफ द वीक’. तेही फुकट. छोटे असतात, ड्युटीच्या मधल्या वेळात एखादा होतो. कॉट्रेल-पटेलचा न्यूरोभूलशास्त्राचा ग्रंथ लायब्ररीत असू दे. केस लागली की आदल्या रात्री तेवढंच प्रकरण काढायचं.

बाकीचं शिक्षण टेबलापाशी. एक उदाहरण देते. डोकं वर केलेलं आहे, आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (धमनीतला दाब मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीवर, मॉनिटरवर मीन (सरासरी बीपी) 80. आयसीपी 20. वजाबाकी केलीस, सीपीपी 60, निर्धास्त झालीस. आता ट्रान्सड्यूसर कानाच्या ट्रेगसपाशी (कानाच्या भोकापुढचा उंचवटा), म्हणजे मेंदूच्या पातळीवर आण. उंचीतला फरक 15 सेंटीमीटर असेल तर मीन साधारण 69 दिसेल, कारण दर सेंटीमीटरला पाऊण मिलिमीटर पारा कमी होतो. सीपीपी 49! पेशंट तोच, बीपीही तेच. हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघ, मग पुस्तकातला तो परिच्छेद वाच. पातळी कुठली धरली ते चार्टवर लिहायचीही सवय लाव, नाहीतर पुढच्या ड्युटीचा रिलीव्हर येऊन परत हृदयापाशी लावतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

तसंच कॅप्नोग्राफचं, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचं. एंड-टायडल (उच्छ्वासाच्या शेवटचा आकडा) 35 दिसतोय म्हणून रक्तातला कार्बन डायऑक्साइडही 35 असेल असं धरू नकोस. तो सहसा थोडा जास्तच असतो, आणि छातीला मार असेल किंवा बीपी पडलेलं असेल तर फरक आणखी वाढतो. एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायूतपासणी) पाठव, दोन्ही आकडे शेजारी लिही.

मेंदूची सूज उतरवणाऱ्या मॅनिटॉलबद्दल आपल्या गावापुरतं सांगते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहापर्यंत उतरतो तेव्हा गार स्टोअरमधल्या 20 टक्के मॅनिटॉलच्या बाटलीत खडे धरतात. बाटली उजेडासमोर धरून बघ. खडे असतील तर गरम पाण्यात ठेवून पूर्ण विरघळव, अंगाइतकी कोमट होऊ दे, आणि लावताना फिल्टरचा सेट घे. हिशेबही तोंडपाठ हवा: 100 मिलीत 20 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या पेशंटला किलोमागे अर्ध्या ग्रॅमने 150 मिली.

सीटी स्वतः बघ, रिपोर्ट मागाहून. मिडलाइन (मेंदूची मधली रेषा) किती सरकलीय, बेसल सिस्टर्न (मेंदूच्या तळाशी द्रवाच्या पोकळ्या) दिसतात की मिटल्यात, एवढं तरी सर्जनला विचारण्याआधी तुझं ठरलेलं असू दे. चुकलीस तर ते सांगतीलच. न्यूरोसर्जन मंडळी त्यात कसूर करत नाहीत.

केसची नोंद ठेवायचं लॉगबुक म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठासाठी. स्वतःची वही वेगळी ठेव. दर केसमागे न सुटलेला एकच प्रश्न लिही आणि त्यावरच वाच. थिसिसचा विषयही बऱ्याचदा अशाच वहीतून निघतो.

डीएमसाठी दिल्लीचं एम्स आणि बंगळुरूचं निम्हान्स नजरेसमोर ठेव. दोन्हीकडचा प्रवेश आयएनआय-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतो. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रातही हा कोर्स आहे. भारतीय न्यूरोअ‍ॅनेस्थेशिया संघटनेचं, म्हणजे आयस्नॅकचं जर्नल 2014पासून निघतं आणि मोफत वाचता येतं. त्यातले केस रिपोर्ट आधी वाच, आपल्यासारख्याच ओटीतले असतात. परिषदेत पोस्टर द्यायचं असेल तर वहीतली एखादी केस आत्तापासूनच नीट लिहून काढ, आणि पेशंटची संमती डिस्चार्जच्या आधी घे. नंतर नातेवाईक सटाण्याला की सुरगाण्याला, शोधत बसावं लागतं.