दोन्ही पायांचा फोटो एकत्र काढ

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. उजवा पाय टम्म फुगलाय, घोट्याचं हाड दिसतच नाही, सँडलच्या पट्ट्याचा वळ पावलावर खोल उमटलाय. आईला वाटतंय किडनीला काहीतरी झालं, आणि तुला वाटतंय आता पाय कायमचे असेच राहणार. पण फोटोत डावा पाय नाही. मला सगळ्यात आधी तोच बघायचा होता.

आंब्याच्या झाडावरून पडून माझी मान मोडली त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. माझी मज्जारज्जूची इजा सी-सिक्सची, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीची, तुझी सी-फाइव्हची, पाचव्या पातळीची; म्हणून आपल्या दोघांचेही पाय लुळे आणि बधिर. तुला जेमतेम पाच महिने झालेत, म्हणून हे सविस्तर सांगतोय. मी बोलतोय आणि मोबाईल टाईप करतोय, तेव्हा एखादा शब्द चुकला तर समजून घे.

सूज का येते ते आधी समजून घे, म्हणजे घरातली भीती निम्मी होईल. चालणाऱ्या माणसाची पोटरी प्रत्येक पावलाला आवळते आणि पायातलं रक्त वर ढकलते. आपल्या पोटरीचं ते काम थांबलंय. शिवाय रक्तवाहिन्या आवळून धरायचा मेंदूचा हुकूमही मानेच्या खाली नीट पोचत नाही. त्यामुळे दिवसभर खुर्चीत पाय लोंबते राहिले की रक्त खाली साचतं, त्यातलं पाणी झिरपून कातडीखाली उतरतं. उन्हाळ्यात ते आणखी वाढतं. अंगठ्याने नडगीवर दाबलं की खड्डा पडतो आणि हळूहळू भरतो, तो या पाण्याचाच. दोन्ही पायांना साधारण सारखी, संध्याकाळी चढणारी आणि रात्री आडवं झाल्यावर उतरणारी सूज आपल्यातल्या अनेकांना असते. तरी ती पहिल्यांदा आली की डॉक्टरांना एकदा दाखवायचंच. किडनी, हृदय, लिव्हर, रक्तातलं प्रोटीन हे तपासून घेतलं की आईचीही झोप परत येईल.

दुसरा पाय का बघायचा होता, ते आता माझ्या गोष्टीवरून सांगतो. अपघाताला तीन महिने झाले होते तेव्हा माझी डावी पोटरी दोन दिवसांत वाढली. घरच्यांना वाटलं, बसून बसून सुजलाय. गावातला एक जाणता माणूस रोज अर्धा तास तेल लावून पाय चोळून देऊ लागला. मला काही दुखत नव्हतं. दुखणार तरी कसं? तिसऱ्या दिवशी आईच्या हाताला तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला. तिने हट्ट धरला म्हणून गाडी करून तालुक्याला गेलो. डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो, आणि चोळण्याने ती सुटूही शकते. त्या माणसाने मायेनेच केलं सगळं. पण आपल्या पायाला दुखणं सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी रोज बघायला लागतं.

तेव्हा आईच्या शिवणयंत्राच्या खणातली टेप काढायला सांग. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा एक उंचवटा लागतो. तिथून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनाने खूण करायची. सकाळी उठायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा पोटरीचा घेर मोजून वहीत लिहायचा. पंधरा दिवसांत तुला तुझ्या पायांची नेहमीची सूज कळेल. मग वेगळी सूज आली की ती लगेच ओळखता येईल. एकाच पायाला अचानक सूज आली असेल, तो पाय गरम किंवा लालसर असेल, सूज रात्रभरात उतरत नसेल, किंवा दोन पोटऱ्यांत 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, व्यायामही द्यायचा नाही. त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

गुठळीखेरीज दुसरी कारणंही असतात. आपली हाडं ठिसूळ होत जातात, खुर्चीतून पलंगावर घेताना पाय पिरगळला तरी मोडतात, आणि आपल्याला दिसते ती फक्त सूज. खुब्याशी किंवा गुडघ्याशी गरम सूज येऊन सांधा आखडायला लागला तर तिथे नको ते हाड वाढत असू शकतं. कातडी लाल होऊन ताप आला तर जंतुसंसर्ग. यातलं काय आहे ते घरी ठरवायचं नाही.

रोजच्या सुजेवर पहिला उपाय, पाय हृदयाच्या वर. इथे बहुतेक जण फसतात. खुर्चीचे फूटरेस्ट वर उचलले की काम झालं असं वाटतं. पण पाय तरीही छातीच्या खालीच राहतात. शिवाय मांडीमागचे आखडलेले स्नायू ताणले जातात, कंबर पुढे घसरते, आणि माकडहाडाची कातडी घासून बेडसोरला सुरुवात होते. त्यापेक्षा दुपारी तासभर पलंगावर आडवा हो. पोटरीच्या पूर्ण लांबीखाली उशा लाव, नुसत्या गुडघ्याखाली नको, आणि टाच अधांतरी राहू दे. टाचेखालून हात सहज फिरला पाहिजे. त्याच वेळी घरच्यांनी दोन्ही घोटे हळू वर-खाली, गोल फिरवून द्यावेत. उठताना मात्र घाई नको. आपलं बीपी मुळातच कमी असतं, एकदम बसवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

एक गोष्ट मला पहिली दोन वर्षं कुणी सांगितली नव्हती. पायात साचलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि त्याची लघवी होते. मला रात्री दोनच्या सुमारास दरदरून घाम यायचा, डोकं ठणकायचं, आणि आम्ही पंख्याला दोष द्यायचो. मूत्राशय तुडुंब भरलेलं असायचं. दुपारी पाय वर घेऊन झोपायला लागलो, तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी दिवसाच निघून जायला लागलं आणि रात्री शांत झाल्या. तू वेळेवर कॅथेटर, म्हणजे नळी, घालून लघवी काढून घेतोस ना? मग झोपायच्या आधी आणि एकदा रात्री किती निघते तेही मोजून लिही. एका वेळी 500 मिलीच्या वर जायला लागली तर वेळापत्रक बदलायला हवं. सूज आहे म्हणून पाणी पिणं मात्र तोडू नकोस. त्याने मूतखडे आणि इन्फेक्शन होतं.

तसा घाम आणि ठणका कधीही आला तर बीपी एकदम चढलेलं असू शकतं, तेव्हा पाय वर ठेवायचे नाहीत. ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, बूट, मोजे, पट्टे सगळं सैल करायचं आणि आधी कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायचं. नखं आत रुतली किंवा मोजा काचला तरी हे होतं. दोन-चार मिनिटांत उतरलं नाही तर सरळ दवाखाना.

घट्ट मोज्यांबद्दल विचारलंस. डॉक्टरांनी पायातला रक्तप्रवाह तपासून सांगितल्यावरच घ्यायचे, आणि माप सकाळी, सूज उतरलेली असताना द्यायचं. उठून बसायच्या आधी, आडवं असतानाच घालायचे. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल नीट बसवायचं, मग वर चढवायचा. धुणीभांड्याचे रबरी हातमोजे घातले की पकड चांगली येते. चढवून झाल्यावर घोट्यापुढे तळहात फिरवून बघायला सांग. तिथे राहिलेल्या एका चुणीने माझ्या पायाला रुपयाएवढी जखम केली आणि ती भरायला चार महिने गेले. वरची कड दुमडायची नाही, ती दोरीसारखी आवळते. रात्री काढायचे, आणि काढल्यावर टाच आणि बोटांच्या फटी उजेडात बघायच्या.

लघवी होण्याची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. मी घेतली होती आणि खुर्चीतच बेशुद्ध पडलो. नसांच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन चालू असेल तर त्यानेही पाय सुजतात. डॉक्टरांना विचार, पण स्वतःहून बंद करू नकोस. गरम पाण्याचा शेक नको, भाजलेलं कळत नाही. बूट एक नंबर मोठा घे.

हे सगळं दुसऱ्यांच्या हातांनी करून घ्यावं लागतं, याचा तुला किती संकोच वाटतो ते मला माहीत आहे. मला तोंडातून शब्द काढायला वर्ष लागलं होतं. पण रोज तुझे पाय आईच हाताळते, तिला काय बघायचं ते तूच सांग. तिलाही तेच हवं असेल.

आज संध्याकाळी दोन्ही पायांचा एकत्र फोटो काढ, समोरून, गुडघ्यापर्यंत, आणि लगेच पाठव. टेपचे आकडेही. उजवा एकटाच सुजलेला असेल तर मला पाठवत बसू नकोस, गाडी बोलाव.

तुझा,
काका