दर तीन महिन्यांनी ईसीजी काढावा का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे, धडधड वगैरे नाही. कोथरूडमधले त्यांचे मित्र दर तीन महिन्यांनी ईसीजी काढतात. वडिलांनीही काढावा का?

उत्तर : हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित थरथरणे, म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशन, अनेकदा लक्षणांविना असते आणि त्याने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो, त्यामुळे मित्रांची काळजी रास्त आहे. मात्र हा दोष येतो-जातो. दहा सेकंदांच्या ईसीजीत तो नेमका सापडेलच असे नाही. शिवाय २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत त्वचेखाली बसवलेल्या यंत्राने हा दोष सुमारे तिप्पट लोकांत सापडला, तरी पक्षाघात लक्षणीयरीत्या घटले नाहीत. म्हणून तिमाही ईसीजीचा आग्रह मला पटत नाही. पासष्टीनंतर डॉक्टरांकडे प्रत्येक भेटीत नाडी तपासून घ्यावी. घरी अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी पाहावी. ठोके विस्कळीत वाटले, तर मात्र ईसीजी लगेच काढावा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून कदापि सुरू करू नये, कारण रक्तस्रावाचा धोका खरा आहे. रक्तदाब आटोक्यात ठेवणे तर अत्यावश्यकच.