पुण्याच्या पेठा पायी बघायच्यात? मग गाडी घरीच ठेवा

पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते. साडेसातला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी या. आत जाता आलं नाही तरी चालेल, दारच बघायचंय: हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या मस्तकाच्या उंचीवर ठोकलेले अणकुचीदार खिळे. बाजूने बघा, लांबी कळते. मग लाल महाल, कसबा गणपती आणि मंडई. १८८६ची ती अष्टकोनी इमारत भाजीच्या नादात बघायची राहते. तुळशीबागेचं राममंदिर दुकानांमागे दडलंय. नवखे बांगड्या घेऊनच परततात. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब समोरच्या फुटपाथवरून नीट दिसतात. खरेदी एकच्या आत उरका. पुढे चारपर्यंत बरीच दुकानं बंद. हा विनोद नाही, वेळापत्रक आहे.