जपानी निळ्या-पांढऱ्या बशीवरचे पक्षी हाताने काढलेत की छापलेत, कसं ओळखायचं?

लाटांवरून उडणाऱ्या पक्ष्यांची बशी तुम्ही टोकियोच्या जुन्या बाजारात घेतलीत, विकणारा ती एदो काळातली, म्हणजे 1868 च्या आधीची म्हणतो आणि बुडाला शिक्का मात्र चीनच्या मिंग घराण्यातल्या सम्राटाचा. गोंधळणारच. मी काही वर्षं फुकुओकात होतो आणि अशाच एका बशीने मला टोपी घातली आहे, म्हणून लिहितो.

आधी तो शिक्का विसरा. जपानमधल्या आरिता गावात 1616 च्या सुमारास पोर्सेलीन, म्हणजे चिनी मातीची भांडी बनू लागली, तेव्हा दबदबा चिनी मालाचा. तिथले कारागीर मिंग सम्राटांची नावं बिनदिक्कत लिहीत, पुढेही लिहीत राहिले. त्यावरून वय कळत नाही.

भिंग घ्या आणि पक्षी बघा. हे 'चिदोरी', आपल्या चिखल्यासारखे इवलेसे पाणपक्षी. हाताने काढताना आधी बारीक कुंचल्याने रेघ मारतात, मग जाड कुंचल्याने पातळ निळा रंग आत सोडतात. तो कुठे साचतो, कुठे रेघेबाहेर जातो. दोन पक्षी हुबेहूब सारखे निघत नाहीत.

मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर, छपाई फोफावली. एक पद्धत कापलेल्या कागदी साच्याची. आपला रांगोळीचा छापा आठवा: मधले तुकडे गळू नयेत म्हणून जोड ठेवावे लागतात, त्यामुळे रेघ तुटक येते. दुसरी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी कागदावरून बशीवर उतरवायची. तिच्यात छटेऐवजी केसासारख्या बारीक रेघा दिसतात आणि गोल बशीवर कागदाचे तुकडे जुळवताना सांधा राहतो.

माझी बशी घरी आणून धुतली तेव्हा तो सांधा दिसला. बारा चिदोरींपैकी एकीची शेपटी तिथेच कापलेली आणि त्याच जागी दुसरीची चोच सुरू! पैसे मात्र एदोचे मोजले होते.

रंगही बघा. हा निळा कोबाल्ट धातूपासून येतो. जुना नैसर्गिक कोबाल्ट किंचित राखाडी, मऊ दिसतो. मेइजीत आलेला कृत्रिम कोबाल्ट कपड्यांच्या निळीसारखा भडक. पण नुसत्या रंगावर निकाल देऊ नका, भट्टीतही तो बदलतो. बुडाला रोमन लिपीत 'जपान' असेल तर विषयच संपला, ती एदोची नाही.

फोटो टाकणार असाल तर शिक्क्याचा नको. शेजारशेजारच्या दोन पक्ष्यांचा आणि लाटा एकमेकींना मिळतात त्या जागेचा, अगदी जवळून टाका.